काळ्या ऑइलचा डबा

रविवार, ८ ऑक्टोबर २००६
भाईंदर पूर्व

आज बाबांनी रिक्षाचं ऑइल बदललं. नेहमीप्रमाणे जुनं, काळं ऑइल चाळीमागच्या गटारात ओतायला निघाले आणि मी डबा धरला. म्हटलं, हे सगळं खाडीत जातं.

शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अगं, त्यानेच डास मरतात! आमच्या सोनूला मलेरिया झाला होता, विसरलीस? पदवी मिळाली म्हणून आता गटारालाही शिकवणार?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बरं, नाही ओतत. मग कुठे नेऊ, तेवढं सांग."

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. आणि मला माहीत नव्हतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. खाडीचं सांगता आलं, डब्याचं नाही. आणि सोनूच्या डासांचं तरी काय सांगणार होते?

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "हम भी नाले में ही डालते हैं, मॅडम."

परत आले तर बाबांनी डबा आणि जुना फिल्टर पिशवीत घट्ट बांधून मोरीजवळ ठेवलेला. आई वैतागली, "टाका ना एकदाचं."

बाबा म्हणाले, "थांब. ती शोधतेय."