पंधरा मिनिटांत केसाडिया

३ मार्च, सोमवार

ठरलं. बुधवारी बर्गर-केसाडिया.

व्हिडिओ पाहून पाठ झालाय. टॉर्टिया म्हणजे मैद्याची तयार मिळणारी पातळ पोळी. तिच्यात बर्गरचा सगळा ऐवज भरायचा: परतलेला खिमा, कांदा, चीज, व्हिनेगरमधली काकडी, मोहरीचा सॉस. घडी घालायची आणि तव्यावर दोन्हीकडून खरपूस. व्हिडिओतली बाई म्हणते, कामावरून दमून आलात तरी पंधरा मिनिटांत होतं. मी दमत नाही. मला बारा लागतील.

आधी मी क्वेसाडिल्ला म्हणत होतो. खारूने फोनवर दुरुस्त केलं: बाबा, केसाडिया. मी म्हणालो, लोक जेवणात केस निघाला तर भांडतात, इथे तर नावातच आहे. ती हसली नाही. अभ्यासाचा ताण असणार.

खारू म्हणजे खारूताई, आमची मुलगी. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची, म्हणून. आता सातवीत आहे. सध्या ती आणि ही, दोघी माझ्या मेव्हणीकडे राहतात. हवापालट. थंडी सुरू व्हायच्या आधी गेल्या आणि आता उन्हं तापायला लागली, म्हणजे हवा पुरेशी पालटलेली आहे. जाताना हिने इस्त्री, शिलाई मशीन आणि उन्हाळ्याचे कपडेही नेले. पुढचा विचार करणारी बाई आहे.

दर बुधवारी खारू माझ्याकडे जेवायला येते. आजवर प्रत्येक वेळी बाहेरून मागवलं. मागच्या वेळी ती म्हणाली, बाबा, तुला एक तरी गोष्ट करता येते का? मुलांच्या बोलण्यात टीका शोधू नये, मार्गदर्शन शोधावं.

मी पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे, त्यामुळे वेळापत्रक लगेच तयार. बुधवारी खारू खाणार. गुरुवारी आईला सांगणार. शुक्रवारी ही विचार करणार. शनिवारी मी गाडी घेऊन दोघींना आणायला जाणार. रविवार राखीव.

४ मार्च, मंगळवार, सकाळ

किसणी सापडेना. हिला फोन केला. लगेच उचलला. (चांगलं लक्षण.) म्हणाली, किसणी मी नेली, माझीच होती ती. मग म्हणाली, उद्या खारूला सोडायला येईन तेव्हा वर येते, जरा बोलायचंय.

वर येते! एरवी खालूनच गाडी वळवते.

म्हणजे शनिवारपर्यंतही थांबायला नको. प्लॅन ठरलेल्या तारखेच्या आधी पुरा होतोय. आमच्या कारखान्यात हे कधीच घडलेलं नाही.

संध्याकाळ

खाटीक म्हणाला, साहेब, किती माणसांसाठी? तीन, म्हणालो. जरा मोठ्यानेच निघालं. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

रंगीत तालीम केली. पहिला केसाडिया बाहेरून काळा, आत चीज थंडगार. दुसऱ्यातून उलटताना खिमा शेगडीत. तवा वाकडा आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. तिसरा बरा होता. निदान मी तो पूर्ण खाल्ला.

तिकडे साडूभाऊ रोज स्वयंपाक करतात, असं खारू सांगते. नोकरीत लक्ष नसणार.

कपाटाची हिची बाजू रिकामी केली. माझे शर्ट हळूहळू तिकडे सरकले होते. आता हँगर एका रांगेत आहेत. रिकामे हँगर वाऱ्याने वाजतात. खिडकी लावून घेतली.

५ मार्च, बुधवार, संध्याकाळ

लवकर निघालो. साहेबांनी विचारलं, काय विशेष? म्हणालो, पाहुणे येणार आहेत. कोण? म्हणालो, बायको. साहेब नुसते मान हलवत राहिले. हवं तर उद्या उशिरा या, म्हणाले. या माणसाला मी उगाच खडूस समजत होतो.

कांदा चिरून तयार. काकडीच्या चकत्या तयार. चीज सुरीने चिरलं, बोटासकट. पट्टी लावलीय. डोळ्यांतून सारखं पाणी. कांदा फार जहाल निघाला.

तीन ताटं मांडली. मग हिचं उचलून ठेवलं, फार आशेवर बसलोय असं दिसायला नको. मग परत मांडलं. बेल वाजली.

६ मार्च, गुरुवार

कामावर गेलो नाही. नीट लिहून काढतो.

दोघी वेळेवर आल्या. हिने खारूला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पर्स खांद्यालाच. मी म्हणालो, बस की. ती म्हणाली, नको, उभीच बरी आहे. मी पहिला केसाडिया तव्यावर टाकला.

म्हणाली, मी भाड्याने फ्लॅट घेतलाय. दवाखान्याजवळच. (ही फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे जखडलेले खांदे सोडवते.) मी म्हणालो, वा, छान, पण एकच मिनिट, हे उलटायचं आहे. ती म्हणाली, गॅस बंद कर. मी म्हणालो, व्हिडिओत मध्ये बंद करत नाहीत. तेव्हा ती म्हणाली, मी बोलायला लागले की तुझ्या हातात नेहमी काहीतरी असतं.

मी उलथनं खाली ठेवलं. मग हातांचं काय करायचं तेच कळेना.

शनिवारी तिकडे राहायला जाणार. खारूची शाळाही तिथून जवळ पडते. वकिलांना भेटून आलीय, मीही एखादा बघावा. म्हणाली, आता राग नाही रे माझा. खूप दिवसांपासून नाहीये. हे इतक्या शांतपणे म्हणाली की माझ्या तोंडचं पाणीच पळालं. राग मला सांभाळता येतो. चार दिवस गप्प बसायचं, पाचव्या दिवशी फुलं आणायची. राग नसेल तर काय आणायचं?

मी विचारलं, मग तुला पुन्हा राग यायला मी काय करू? ती हसली, पण हसण्यासारखी नाही.

एवढ्यात धूर. गॅस तिनेच बंद केला. खालची बाजू कोळसा. मी वरचा बरा भाग कापून बशीत घातला आणि पुढे केला. माणसाने दुसरं काय करावं? तिने घेतला. उभ्या उभ्या खाल्ला, सगळा. म्हणाली, चांगलं झालंय, खरंच. चीज थोडं जास्त घाल. डोळे पुसले. कांद्याचा वास घरभर होताच. जाताना माझ्या दंडावर हात ठेवला, पेशंटच्या ठेवतात तसा.

खारूने दोन खाल्ले. मग विचारलं, बाबा, आई काय म्हणाली ते तुला कळलं ना? मी म्हणालो, हो, चीज कमी पडलं म्हणाली.

खारूने घास गालातच ठेवला. बराच वेळ गिळला नाही.

मी म्हणालो, कळलं गं.

मग तिने तो गिळला.

८ मार्च, शनिवार

गाडी घेऊन गेलोच. कारखान्यातली खोकी नेली. पाच पदरी पुठ्ठा, कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी. मेव्हणीने दारातच विचारलं, तुम्ही? म्हणालो, सामान हलवायचं तर खोकी चांगली हवीत. भांडी भरली, पुस्तकं भरली, प्रत्येक खोक्यावर काय आहे ते लिहिलं. नव्या फ्लॅटला लिफ्ट नाही. सगळं मीच वर चढवलं. घर उजेडाचं आहे. खारूला स्वतःची खोली आहे.

हिला सांगितलं, खोकी फाडू नकोस, घड्या घालून ठेव. पुन्हा हलवायची वेळ आली तर उपयोगी पडतील. ती पुढचं खोकं उघडायला लागली. भाडेकरार काही जन्माचे नसतात.

पाठ भरून आलीय. कोणाला दाखवावी?

१२ मार्च, बुधवार, संध्याकाळ

आता बुधवार नाही, महिन्यातले दोन शनिवार-रविवार. खारूला तेच सोयीचं आहे. उलट वेळ जास्तच मिळेल.

सात वाजता तिचा फोन. बाबा, कांदा आधी की खिमा आधी? मी म्हणालो, का गं? म्हणाली, केसाडिया करतेय. आई आज फार दमलीय, तिला सोफ्यावर बसवलंय, तू उठायचं नाहीस म्हटलंय.

मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. कांदा आधी. आच मंद. खिम्याचं पाणी आटू दे. काकडी टिपून घे, नाहीतर टॉर्टिया भिजते. चीज सढळ हाताने. घडी घातलीस की उलथन्याने दाबून धर. ती प्रत्येक गोष्टीला हं, हं म्हणत होती. माझं इतकं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मागे तिची आई हसली. मी विचारलं, काय झालं? खारू म्हणाली, तुला नाही रे, टॉर्टिया खाली पडली.

उलटायची कधी ते सांगत होतो, तेवढ्यात फोन कट झाला. हात चिजाने माखले असणार.

फोन ओट्यावर ठेवून थांबलो. रेंज पूर्ण होती. परत आला नाही.

म्हणजे त्यांचं जमलं असणार.