एक्केचाळीस विमानांची नोंद

मी, खाली सही करणारा, धंद्याने घड्याळजी, वय वर्षं एकोणऐंशी, गल्लीच्या टोकाच्या घरात राहणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. हात कापत नाही. कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. कान मात्र शाबूत नाहीत, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा लेखी देतो आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्हींत मी हे लपवलं होतं.

कलम १. माझी हत्यारं, म्हणजे चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचं भिंग, लेकीला द्यावीत. लहानपणी तिने माझं चालतं घड्याळ उघडून बंद पाडलं, तेव्हा मी तिला धपाटा घातला होता. तो काही परत घेता येत नाही. हत्यारं घे, बाळ.

कलम २. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ जावईबापूंना. एकदा जेवताना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं का हो?" मी ताट सारून उठलो आणि चार वर्षं त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांचं बरोबर होतं. टिकटिक ऐकू न येणाऱ्या घड्याळजीकडे कोण कुत्रं फिरकणार? म्हणून मी घड्याळ कानाला लावायचं सोंग करायचो आणि ठोका बोटाने ओळखायचो. हे फक्त बायकोला माहीत होतं. ती होती तोवर तिने सांभाळून घेतलं.

कलम ३. हिरव्या पुठ्ठ्याची कच्ची वही नागरिक समितीला द्यावी. ती हरवलेली नाही. दुकानात काउंटरच्या खालच्या खणात आहे.

ती का लपवली ते लिहिणं भाग आहे. विमानतळाला दुसरी धावपट्टी हवी होती. आधीच विमानं आमच्या कौलांवरून जात. मुलांच्या अभ्यासाचा नि आजाऱ्यांच्या झोपेचा बट्ट्याबोळ झाला होता. गल्लीने हरकत घेतली, तेव्हा सुनावणीचे साहेब म्हणाले, "नुसता आरडाओरडा नको. तीन महिने प्रत्येक विमानाची नोंद करा, मिनिटासकट." समितीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "घड्याळजीकाका असताना दुसरा माणूस शोधायचाच कशाला?" टाळ्या पडल्या. खरं बोलायची वेळ तीच होती. माझी मात्र छाती फुगली. म्हणालो, "लिहितो की, त्यात काय एवढं!"

मी खिडकीकडे पाठ करून काम करतो. काउंटरची काच थरथरली की विमान, असं धरून मी वेळ टिपायचो. संध्याकाळी मास्तरीणबाई यायच्या. त्या समोरच्या घरात राहायच्या, शिकवण्या घ्यायच्या. माझं कोंबडीच्या पायाचं अक्षर लावून त्या सगळं पक्क्या वहीत उतरवायच्या.

एक दिवस दुरुस्तीसाठी विमानतळ बंद राहिला. गल्लीतले लोक म्हणे दारात खुर्च्या टाकून त्या शांततेत गप्पा मारत बसले होते. बाई बहिणीकडे गेल्या होत्या. त्या दिवशी मागच्या रस्त्याने खडीचे ट्रक जात होते, काच थरथरत होती, आणि मी शहाण्याने एक्केचाळीस विमानं टिपली. बाईंनी परत आल्यावर दोन दिवसांचं एकदम उतरवलं.

सुनावणीत साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं. "या दिवशी एकही विमान उडालेलं नाही. ही एक्केचाळीस आली कुठून?" मला ते ओठांवरून कळलं. अध्यक्षांनी कोपराने ढोसलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या वहीत असं काही नाही. उतरवताना बाईंची चूक झाली असेल." कच्ची वही कुठे आहे, असं विचारल्यावर म्हणालो, हरवली. बाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या. 

तिन्ही महिन्यांच्या नोंदी बाद झाल्या. धावपट्टी झाली. बाईंनी केसाने गळा कापला, असं लोक म्हणू लागले. शिकवणीची मुलं एकेक करून यायची बंद झाली आणि वर्षाच्या आत त्या घर सोडून गेल्या. मी निरोपालासुद्धा बाहेर आलो नाही, पडद्याआडून बघत होतो. आता विमानं दुप्पट झाली आहेत. लोक विचारतात, "काका, तुम्ही तरी कसं सहन करता हो?" मी मान हलवतो. मी तर ढाराढूर झोपतो! मला माझी लाज वाटते. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कलम ४. राहतं घर दुकानासकट मास्तरीणबाईंना द्यावं.

कलम ५. हे मृत्युपत्र अध्यक्षांनी समितीच्या सभेत मोठ्याने वाचावं. कलम ३ मधला एक शब्दही गाळू नये. मध्ये विमान गेलं तर थांबावं आणि बुडालेलं वाक्य पुन्हा वाचावं.

ताजा कलम. आज सकाळी माझ्या पत्रावरून मास्तरीणबाई आल्या. हे सगळं त्यांनी उभ्यानेच वाचलं. माझ्या कानाच्या डॉक्टरांची साक्ष झाली होती, दुसरा साक्षीदार यायचा होता. बाईंनी पेन मागितलं. मी म्हणालो, "बाई, वकील सांगतात की ज्याला काही मिळायचं असतं त्याने साक्षीदार होऊ नये. घर जाईल तुमचं." त्यांनी कागद ओढून लिहिलं, "माहीत आहे. घर नको मला. खोट्यासाठी माझं नाव घेतलंत, आता खऱ्याखाली ते असू दे. माफ केलं असं मात्र समजू नका."

तसं मी समजत नाही. कलम ४ रद्द. घर आणि दुकान लेकीला.

ठिकाण : माझं दुकान. सात तारीख, गुरुवार, सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं.

सही : घड्याळजी

साक्षीदार पहिले : कानाचे डॉक्टर. लिहून देणारे पूर्ण शुद्धीवर आहेत; दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. सही.

साक्षीदार दुसऱ्या : मास्तरीणबाई. सही, आणि तिच्याखाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात : कच्ची वही खणातून काढून घेतली. एक्केचाळीस नोंदी मोजल्या. या वेळी पडताळून सही करत आहे.