समोरच्या कड्यावरचा नर

आमा, जुले.

मी बरा आहे. सत्तू भरपूर आहे, तू विणलेले मोजे रोज घालतो. तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का?

इथे खिंडीत आम्ही बर्फकोंबडे मोजतो. हा जाडा पक्षी चढ पायीच चढतो, उतारावर तेवढा उडतो. अबा त्याला आळशी म्हणायचे. पहाटे मी अबांसारखी शीळ घालतो आणि जितकी उत्तरं येतील तितके कोंबडे वहीत लिहितो. समोरच्या कड्यावरचा एक म्हातारा नर पाच दिवस न चुकता उत्तर देत होता.

काल तो नर काठी टेकत खाली आला. मेंढ्या राखणारे म्हातारे मेमे इशे!

"शिळेच्या शेवटी असा हेल काढणारा एकच माणूस, तुझा बाप," ते म्हणाले. "मला चिडवतोय वाटलं, म्हणून मीही सोडलं नाही. कुठे लपलाय तो?"

अबा वसंतात गेले, हे मला सांगावं लागलं. तोंडाने ते मी पहिल्यांदाच बोललो.

मेमेंनी नाक पुसलं. "शीळ अजून बापाएवढी नाही तुझी. पण उद्या घाल."

वहीतला एक कोंबडा मी खोडला. आज पहाटे त्याने पुन्हा उत्तर दिलं, आणि खरे मोजायचे राहूनच गेले.

तुझा,
नुरबू