मोटारीच्या जाळीतली झेंडूची फुलं

अहो,

तोंडानं सांगायची हिंमत होईना म्हणून लिहून ठेवते. नावेची मोटार तापायलीय ती भुजंगभावजींमुळं नाही, माझ्यामुळं.

मोटार गार ठेवायला नदीचं पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चक्री दोनदा बदलूनही मागून पाण्याची धार पडेना, तेव्हा "तूच गाळात घातलीस" म्हणून तुम्ही त्यांना घाटावर चारचौघांत बोललात. ते पिंगळीला वन्संकडं निघून गेले.

पायदळी येऊ नये म्हणून मी रोजचं निर्माल्य नावेच्या मागं, खोल पाण्यात सोडते. तिथंच तुम्ही मोटार सुरू करता. आज मोटार वर उचललेली होती. पाणी ओढायच्या जाळीत माझीच झेंडूची फुलं अन् हाराचा दोरा गच्च बसलेला दिसला.

जाळी मी साफ केली नाही. तुमच्या डोळ्यांनी बघा.

मी भावजींना आणायला पिंगळीला जायलेय. भाकरी, पिठलं झाकून ठेवलंय. माझा उपास हाय.

"वैनी, दादानं बोलावलंय का?" असं त्यांनी विचारलं तर काय सांगू? खोटं तर मला बोलवत नाही.