वड्यांचा वास

बोरी, ता. जिंतूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. मनिषा,

तुला लिंबाजीमामाचे ओंजळभर आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. थंडीनं तुझ्या मामीचे गुडघे कुरकुरायला लागलेत, पण जीभ शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तूर शेंगांनी वाकली आहे.

फोनवर तू म्हणालीस, सुगतबद्दल जे वाटतं ते कागदावर लिहून द्या, पुण्याच्या आमच्या सरांना दाखवायचं आहे. म्हणून बसलो. विहिरीवरच्या जळक्या मोटारी उघडून, त्यांच्या तारा नव्यानं गुंडाळून पोट भरलेला माणूस मी. शाळा सातवीपर्यंत. चुकलं तर सांभाळून घे.

तुझी पेटी आपल्या अंगणात बसली त्याला तीन महिने होऊन गेले. पुण्यात मशीनवर छापलेल्या तुझ्या बारा वड्या तिच्यात आहेत. सोऱ्यातून चकली पाडावी तसं प्लास्टिक थरावर थर पडतं आणि वडीच्या पोटात डोळ्याला न दिसणारी लाखो भोकं राहतात, हे तू समजावलेलं ध्यानात आहे. पंखा हवा ओढतो, वड्या तिच्यातला कार्बन वायू धरतात, उरलेली हवा मागून बाहेर पडते. गावात निराळंच चालू आहे. पारावर म्हणतात, ‘लिंबाजीच्या भाचीनं हवा धरायचं यंत्र आणलंय, आता पाऊस बी पुण्यालाच पडंल.’ मी हसून सोडतो. पण खरं सांगू का, धरलेल्या वायूचं पुढं काय करणार हे तूही मला नीट सांगितलेलं नाहीस.

आता सुगत, तुम्ही पेटीच्या देखरेखीला ठेवलेला. पोरगा येलदरीचा, बाप धरणावर मासे धरतो. दर बुधवारी गाडीवर येतो आणि पेटीवर दिसणारे वायूचे आकडे वहीत लिहितो. ऑगस्टपासून लिहीत आला, आत शिरताना चारशे तीस, बाहेर पडताना दोनशे साठ. कार्तिकी एकादशीनंतर एकाएकी दोन्ही आकडे सारखेच. मग आधीचे खरे कशावरून? वाचणारा तोच, लिहिणारा तोच.

पेटी उघडताना त्याची पाठ आमच्याकडं. चहा घे म्हटलं तर ‘आत्ताच झाला, मामा.’ दर बुधवारी आत्ताच कसा होतो? आणि वास. आम्ही माळकरी, आणि अंगणात सुकटीचा वास. मी विचारलं तर म्हणाला, ‘वड्यांमदी औषध मुरवलेलं हाय मामा, वायू त्येच धरतंय. वास त्येचाच हाय.’ तो गेल्यावर तुझी मामी म्हणाली, ‘औषधाला सुकटीचा वास कशाला यील? डबा ठिवत असंल पेटीत.’ मला पटलं.

आमच्याकडून पेटीला काही झालेलं नाही, हे सरांना ठासून सांग. अंगणाची झाडलोट, सणावाराची स्वच्छता, तेवढीच.

कुणाच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही. पण कुठंतरी पाणी मुरतंय, पोरी. सावध करणं माझं काम.

तुझं भलं चिंतणारा,
लिंबाजीमामा


बोरी
२१ डिसेंबर २०२५

चि. मनिषा,

आशीर्वाद. तूर काढली, मामी हिंडतीफिरती आहे. बाकी खुशाली आज राहू दे.

माझं पहिलं पत्र फाडू नकोस. त्याच्या शेजारी हे ठेव.

सुगतला कामावरून काढल्याचं तू कळवलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपलं सामान न्यायला आला. एक वडी काढून त्यानं पिशवीतल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवली. उचलली, पुन्हा ठेवली. मग नाकाला लावली.

‘मामा, वड्या धुतल्या काय कुणी?’

‘न्हाई बाबा.’

‘कुणीच न्हाई?’

‘दिवसभर अंगणात असतो मी. कोण धुईल?’

‘बरं,’ म्हणाला. वही माझ्या हातात दिली, ‘ताईला पोचवा,’ आणि गाडीला किक मारली.

मनिषा, वड्या धुतल्या होत्या. एकादशीच्या आदल्या दिवशी मामी म्हणाली, ‘उद्या उपासाला ह्यो वास मला दारात नको.’ बंबात पाणी तापवलं, धुण्याचा सोडा टाकला. कुठली वडी कुठं बसते याची चुन्यानं खूण करून मी एकेक काढून दिली, तिनं दोन पाण्यांतून घोळून काढली. पाणी पिवळट झालं, बोटांना चिकटायला लागलं. वास गेला. आम्ही म्हणालो, बघा, केवढी घाण निघाली. वाळवून जिथल्या तिथं बसवल्या. बुधवारी सुगतला काही कळलं नाही म्हणून मी मनातल्या मनात हसलोही.

तारेवरचं वार्निश खरवडलं तर मोटार जळते, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. आणि इथं औषध धुऊन ओतून दिलं, नुसतं प्लास्टिक ठेवलं.

हे मला काट्यावरची वडी बघून कळलं, असं लिहिणार होतो. तेही पुरतं खरं नाही. आकडे सारखे झाले तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण संशय टाकायला सुगत हाताशी होता. दुसऱ्याच्या दारात कचरा लोटता आला की आपलं घर स्वच्छच दिसतं.

चहाचं मी जाणूनबुजून गाळलं. पहिल्या दिवशी मामीनं त्याला गोठ्यात गड्यांसाठी वेगळा ठेवलेला कप दिला. मी बघितलं आणि पेपरात डोकं घातलं. पुढच्या बुधवारपासून त्याचा चहा ‘आत्ताच’ व्हायला लागला. त्याच्या जागी माझा लेक आदिनाथ पेटी उघडत असता, तर त्याच्या पाठीवर मी डोळा ठेवला असता का? सुकटीचा वास मला कुणाच्या घरून आल्यासारखा वाटला असता?

मी वाट बघत होतो. सुगत तुला सांगेल, तू मला विचारशील, मी पुन्हा न्हाई म्हणेन. काल फोनवर तुझ्या बोलण्यातून कळलं, त्यानं तुला काहीच सांगितलेलं नाही. माळकऱ्याच्या शब्दापुढं आपला शब्द कोण धरणार, हा हिशेब त्यानं माझ्या अंगणातच केला असणार.

एक वडी आणि वही एस.टी.च्या पार्सलनं पाठवतो. वडीत औषध किती उरलंय ते तुला तपासता येईल. वहीतले आकडे खरे आहेत, एकूण एक.

मामी शेजारी बसली आहे. म्हणते, ‘मी धुतल्या म्हणून लिवा. मला कोण काय म्हणणार? तुमी कशाला नाव घालवता?’

मी म्हणालो, ‘धुतल्या तू. खोटं मी बोललो.’

उठली, खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाली, ‘तर मग येलदरीला मी बी येते.’

उद्या सकाळच्या गाडीनं जिंतूर, तिथून येलदरी. सुगतला आणि त्याच्या बापाला समोर बसून सांगायचं आहे. त्यांनी घरात घेतलं तर आत बसू, नाही घेतलं तर दारात उभं राहून सांगू.

फोनवर बोललो असतो तर तू ‘जाऊ द्या मामा’ म्हणून मिटवलं असतंस. म्हणून हा कागद. सरांना जसाच्या तसा वाचून दाखव. मामाची लाज राखायची म्हणून एक ओळही गाळू नकोस. त्या पोराचं काम माझ्या एका कागदानं गेलं, दुसऱ्या कागदानं ते परत येत नसेल तर मला पुण्याला बोलव, मी सगळ्यांसमोर उभा राहतो.

वरचं सगळं माझ्या हातानं लिहिलेलं, कबूल.

लिंबाजी

सहीपुढं मामा लिहिलेलं नाही. सुगत कामावर आला की तू लिही.