ब्रँच आउट आणि टँकरची बातमी

उदगीर, ४ एप्रिल १९८३
रबरी शिक्क्यावर अजून ‘जि. उस्मानाबाद’. लातूर जिल्हा होऊन आठ महिने होत आले. शासनानं सीमा हलवल्या; एका वार्ताहराच्या शिक्क्याचा विचार कुणीही केला नाही. इतिहासात नोंद व्हावी.

५ एप्रिल
वीरण्णा आडत्यानं धान्याच्या जोडीला पाइपचं दुकान काढलं. मला म्हणाला, गुरुजी, तुम्हीबी ब्रँच आउट करा की. कोश पाहिला : हातचं काम सांभाळून नव्या कामात उतरणे. वाक्य : वीरण्णा हॅज ब्रँच्ड आउट इन्टू पाइप्स. ‘इन्टू’ विसरू नये. मी इंग्रजीच्या क्लासमध्ये उतरणार. नव्या जिल्ह्यात कारकून पुष्कळ, इंग्रजी बेताचं.

६ एप्रिल
गुरम्मा म्हणाली, गल्लीत टँकर येऊन नऊ दिवस झाले. मी विहिरीत उतरून वाटीनं घागर भरून राहिले, खालच्या पायऱ्या सुटल्यात. पेपरात दोन ओळी लिहा, का बायकोची बातमी चालत न्हाई? टोमणा रास्त. उद्या लिहितो.

८ एप्रिल
लिहिली नाही. आधी क्लासची जाहिरात. आरंभी स्वरचित संस्कृत श्लोक, शार्दूलविक्रीडित. वृत्तात ‘कारकून’ बसेना. दोन दिवस त्यात गेले.

११ एप्रिल
टँकरची बातमी झाली. चार ओळी, एकही समास नाही. पेपरचं पाकीट नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे, नेहमीप्रमाणे. जाहिरातीचं पाकीट इथल्या छापखान्यात, पत्रकं छापायला. गुरम्माला सांगितलं, दोन दिवसांत टँकर दारात. ती म्हणाली, तवर काय प्यायचं, शाई? आणि घागर उचलून गेली.

१३ एप्रिल
पेपर आला. ‘आमच्या उदगीरच्या वार्ताहराकडून’ या मथळ्याखाली क्लासची जाहिरात, श्लोकासकट. पाकिटं उलटी गेली. बातमी छापखान्यात पडून आहे. असो, नांदेडपर्यंत नाव झालं. क्लासला नोंदणी : एकही नाही.

१४ एप्रिल, दुपार
गुरम्मा विहिरीत घसरली. शेजारच्या मल्लम्मानं माणसं गोळा केली, बाजेवर वर काढली. मला बघून गुरम्मा म्हणाली, घागर चेपली न्हाई ना?

१५ एप्रिल
सकाळी टँकर आला. बातमीमुळे नव्हे, बाई पडली म्हणून. डॉक्टर म्हणाले, कण्याला मार आहे, लातूरला न्या. वीरण्णानं पाइपांची जीप रिकामी करून दिली.

हातचं काम सांभाळून, असं कोशात स्पष्ट होतं. मी वाचलं होतं.

मघाशी तिच्या पायाच्या बोटांना हात लावला. तिला कळलं नाही. ती पुन्हा चालेल का, एवढीच भीती वाटते.