स्पंज धुऊ नकोस म्हणावं

आत्या, तुला नमस्कार. काल डोळ्याला डोळा लागला नाही. घाबरू नकोस, बाळ गुटगुटीत आहे. झोप उडाली ती माशामुळे. तुझे गुडघे काय म्हणतात? चष्मा सापडला का? नसेल तर ही चिठ्ठी नेहमीसारखी कुणाकडून तरी वाचून घे. आमचे हे कामावर जाताना ती तुझ्या दारात टाकतील.

तर दादानं बाळासाठी काचेची टाकी आणली. पाणी भरलं, पाणी गाळायचं स्पंजवालं यंत्र लावलं आणि म्हणाला, "इतक्यात मासा सोडू नकोस, आधी जंतू वाढू दे." आता मला सांग, मी बाळाचा चमचासुद्धा उकळते (खुळखुळाही उकळला, तो वितळला, जाऊ दे), मला असं सांगतात का? मी म्हटलं, "माझ्या घरात जंतू पाळतोस? त्यापेक्षा येऊच नकोस!" तर हा खरंच येईना. फोनसुद्धा नाही. नाकावर राग नुसता.

तेवढ्यात ह्यांनी मासा आणला, नारिंगी. आता बाळ त्याच्यासमोरच जेवतं. मासा वळला की घास आत, मासा टाकीतल्या झाडामागं गेला की तोंड बंद. म्हटलं, एवढा कामाचा मासा, स्वच्छ ठेवू. दादानं एक बाटली ठेवली होती, नवं पाणी घातलं की थेंब टाकायला. मला वाटलं, जंतू मारायचं औषध. मग काय, रोज सगळं पाणी ओतायचं, काच घासायची, स्पंज उकळायचा, वरून थेंब. आणि काल मासा वर येऊन आ वासून धापा टाकायला लागला गं!

बाळाला कडेवर घेतलं आणि पाळायचे मासे विकणाऱ्याचं दुकान गाठलं. तो म्हणाला, "ताई, जंतू मारायचं औषध नळाच्या पाण्यातच असतं. हे थेंब त्याचा जोर घालवतात, म्हणजे जंतू जगतात. माशाच्या घाणीचं विष होतं, ते जंतू संपवतात. ते स्पंजमध्ये राहतात."

"तो मी उकळला."

"कधी?"

"रोज."

बिचारा स्टुलावर बसला. म्हणजे बघ, एका हातानं मी जंतू वाचवत होते, दुसऱ्या हातानं उकळत होते. आता थोडं थोडंच पाणी बदलते, थेंब टाकून. मासा आहे, पण मलूल आहे. बाळ सकाळपासून नीट जेवलं नाही.

बाकी सगळं छान. दादाची मला मुळीच आठवण येत नाही.

ता. क. दुकानदार म्हणाला, जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर मासा वाचेल. जुनी टाकी दादाकडेच आहे.

आणखी एक. हे वाचून दाखवणारे जे कुणी असाल, आत्याला राहू द्या, ती आधी मलाच रागावेल. तुम्हीच दादाला फोन लावा. ह्यांनी लावला तर त्याला कळेल, मीच लावायला सांगितलं. माझं नाव काढू नका, मासा बोलावतोय म्हणा. स्पंज आण, धुऊ नकोस म्हणावं. हात मात्र धुऊनच बाळाला घे. लावा ना फोन, आत्ताच.